ऑफली विरुद्ध केरी, १९८२ ची ऑल-आयर्लंड फुटबॉल फायनल

१९ सप्टेंबर १९८२ ला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऑफली आणि केरी या दोन काउंट्यांची ऑल-आयर्लंड सीनियर फुटबॉल चॅम्पियनशिपची फायनल झाली. गेलिक फुटबॉलमध्ये बहुतेक सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली मॅच हीच असावी. स्कोअर ऑफली १-१५, केरी ०-१७. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे आकडे उलटे वाटतात, म्हणून आधी हिशोब समजून घेऊ. डॅशच्या आधीचा आकडा गोलचा आणि नंतरचा पॉइंटचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे असतात, तेव्हाच्या नियमाने बॉल आडव्या दांडीवरून गेला की १ पॉइंट, खालच्या जाळीत गेला की गोल आणि त्याचे ३ पॉइंट. म्हणजे ऑफली १८, केरी १७. गंमत अशी की केरीने १७ वेळा स्कोअर केला आणि ऑफलीने १६ वेळाच, पण त्यातला एक तिप्पट मोजला गेला आणि सगळी भांडणं त्या एकावरच आहेत.

हा आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नाही. एका बाजूला १५ जण, बॉल हातात धरता येतो, पण धरून नुसतं पळत सुटता येत नाही, काही पावलांनी तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या पुढच्या भागाने परत हातात उडवायचा. खेळ गेलिक अॅथलेटिक असोसिएशन चालवते, ती १८८४ मध्ये थर्ल्स गावी सुरू झाली. सीनियर फायनल ७० मिनिटांची, जिंकणाऱ्याला सॅम मग्वायर कप. आणि मुख्य म्हणजे पगार कोणालाच नाही. खेळाडू आपल्याच काउंटीकडून खेळतो, सोमवारी परत कामावर, त्यामुळे हरला तर तोंड लपवायला दुसरं गावही नसतं.

आता केरी म्हणजे काय ते सांगायला हवं. नैऋत्येकडची ही काउंटी, टोपणनाव किंग्डम, आणि १९८२ पर्यंत तिच्या नावावर २७ विजेतेपदं होती. कोच मिक ओड्वायर १९७५ पासून टीमबरोबर, आणि १९७८ ते १९८१ अशी सलग चार वर्षं कप केरीकडेच. सलग चार आधी वेक्सफर्डने (१९१५ ते १९१८) आणि खुद्द केरीनेही (१९२९ ते १९३२) जिंकले होते, पाच मात्र कोणालाच जमले नव्हते. लोकांनी हे इतकं गृहीत धरलं होतं की सलग पाचचे टी-शर्टसुद्धा मॅचआधीच छापून झाले होते.

ऑफली मधल्या आयर्लंडमधली छोटी काउंटी, दलदलीची, तेव्हा पीट नावाची जळाऊ माती खणून पोट भरणारी. १९७१ आणि १९७२ चे दोन कप एवढीच पुंजी. कोच यूजीन मक्गी मूळचा लाँगफर्डचा, पेशाने पत्रकार, १९७६ ला टीम हातात घेतली तेव्हा कोणी फार आशा धरली असेल असं वाटत नाही. पण ही टीम पायरी पायरीने वर आली. १९८० च्या सेमीफायनलला केरीकडून हरली, १९८१ च्या फायनललाही केरीकडूनच, १-१२ विरुद्ध ०-८. शेजारीपाजारी नसलेल्या दोन काउंट्यांमध्ये खुन्नस तयार झाली ती अशी, तीन वर्षं लागोपाठ समोरासमोर येऊन. टीममध्ये घरचीच माणसं भरपूर: कॅप्टन रिची कॉनर आणि त्याचा भाऊ मॅट, शिवाय लाउरी भाऊ. (त्यातल्या ब्रेंडन लाउरीचा मुलगा शेन, २०१९ ला ब्रिटिश ओपन जिंकलेला गोल्फर तो हाच.) १९८२ च्या सेमीफायनलला त्यांनी गॉलवेला हरवलं तेही एकाच पॉइंटने, म्हणजे सवय होती.

फायनलला ६२,३०९ लोक. हाफटाइमला ऑफली ०-१०, केरी ०-९. दुसऱ्या हाफमध्ये पाऊस आला आणि केरीला पेनल्टीही मिळाली, माइकी शीहीने मारली आणि गोलकीपर मार्टिन फर्लाँगने अडवली. माझ्या मते मॅच इथेच ऑफलीकडे राहिली, नंतरच्या किकचं एवढं कौतुक होतं की हे सगळे विसरतात. त्यानंतरही केरीच पुढे गेली, ०-१७ विरुद्ध ०-१३, चार पॉइंटचं अंतर आणि थोडीच मिनिटं शिल्लक. मॅट कॉनरने दोन फ्री किक पॉइंटमध्ये घातल्या, फरक दोनवर. मग लिअम ओकॉनरने उंच लांब बॉल टाकला, सब्स्टिट्यूट म्हणून आलेल्या शेमस डार्बीने टॉमी डॉयलच्या मागे तो पकडला, वळला आणि गोलकीपर चार्ली नेलिगनच्या वरून जाळीत मारला. शिल्लक वेळ साधारण दोन मिनिटं. केरीला परत स्कोअर करता आला नाही.

डार्बीने डॉयलच्या पाठीला धक्का दिला का? केरीवाले दिला म्हणतात, ऑफलीवाले हसतात, रेफ्री पी. जे. मग्राथने शिट्टी वाजवली नाही. रिप्ले कितीही वेळा बघा, ज्याला जे बघायचंय तेच दिसतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. १९८३ ला मन्स्टर प्रांताच्या फायनलमध्ये केरीला परत शेवटच्या क्षणी गोल बसला, या वेळी कॉर्ककडून. मग १९८४, ८५, ८६ असे सलग तीन कप त्यांनी जिंकले, म्हणजे ती टीम संपलेली नव्हतीच. ऑफलीचं मात्र तसं झालं नाही. मॅट कॉनर १९८४ च्या ख्रिसमसला कार अपघातात जखमी झाला आणि नंतर व्हीलचेअरवरच राहिला, त्याच्यासारखा स्कोअरर त्यांना पुन्हा मिळाला नाही. सीनियर फुटबॉलचा १९८२ चा कप त्यांचा तिसरा, आणि अजून तरी शेवटचा. सलग पाचचा विक्रम शेवटी २०१९ मध्ये डब्लिनने केला, फायनल बरोबरीत सुटल्यामुळे परत खेळवावी लागली, आणि समोर टीम होती केरीची.