चौदा खासदार मोजले म्हणजे राजा मोजला का?

९ मार्च २०२५ ला नेपाळचे माजी राजे ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला परतले, तेव्हा त्रिभुवन विमानतळाबाहेर हजारो माणसं जमली होती. ‘राजा आऊ, देश बचाऊ’च्या घोषणा चालल्या होत्या. ते व्हिडिओ आपल्याकडेही फिरले आणि त्याखाली दोन ठाम निकाल लागले. एक गट म्हणाला, बघा, नेपाळी जनतेला राजा परत हवाय. दुसरा म्हणाला, कसलं काय, २७५ जणांच्या सभागृहात राजावाल्यांचे खासदार फक्त चौदा.

गर्दीचा दावा खोडणं सोपं आहे. विमानतळावर जाणारा माणूस स्वतःहून गेलेला असतो, घरी बसलेल्याचं मत कॅमेऱ्यात येत नाही. ज्याला नमुना निवड शाळेत शिकवली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. चौदाचं प्रकरण जास्त धोक्याचं आहे, कारण तो अधिकृत आकडा आहे, निवडणूक आयोगाचा आहे, आणि त्यामुळे मोजमापासारखा दिसतो. तर तो कसा तयार होतो ते पाहू. ते सभागृह सप्टेंबर २०२५ च्या उठावानंतर विसर्जित झालं, पण २०२२ च्या निवडणुकीतले त्याचे आकडे गणित करायला फार सुंदर आहेत.

नेपाळच्या प्रतिनिधी सभेसाठी मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. एक ‘प्रत्यक्ष’: १६५ मतदारसंघ, ज्याला सर्वात जास्त मतं तो विजयी, म्हणजे आपल्या लोकसभेसारखंच. दुसरी ‘समानुपातिक’: इथे शिक्का पक्षावर मारायचा, सगळा देश हा एकच मतदारसंघ, आणि ११० जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटायच्या. पहिल्या पद्धतीचे चमत्कार आपल्याला ठाऊक आहेत. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या होत्या. म्हणून अनेकांना वाटतं, लोकांचं खरं मत समानुपातिक भागात सापडेल. तिथे राजेशाहीची उघड मागणी करणाऱ्या राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टीला (तिकडे सगळे ‘राप्रपा’च म्हणतात) ५,८८,८४९ मतं पडली, म्हणजे ५.५८ टक्के. जागा मिळाल्या सात.

‘प्रमाणात वाटा’ हे म्हणायला सोपं आहे. पण अर्धा खासदार नसतो. तीन टक्क्यांची अट (तेवढी मतं नसतील तर समानुपातिक जागा मिळत नाहीत) पार केलेले पक्ष सात होते, त्यांची एकूण मतं ९२,७१,७१२. भागिले ११० केलं की एका जागेची किंमत येते सुमारे ८४,२८८ मतं. या हिशेबाने एमालेच्या (माजी पंतप्रधान ओलींचा कम्युनिस्ट पक्ष) वाट्याला ३३.७६ जागा येतात, नेपाळी काँग्रेसच्या ३२.२१, जनमत पक्षाच्या ४.६८. अपूर्णांकांचं काय करायचं? जवळच्या पूर्णांकात बदलायचं म्हटलं तर कधी बेरीज १०९ येते, कधी १११. त्यासाठी एक युक्ती आहे. फ्रेंच गणिती आंद्रे सेंत-लाग्यू यांनी ती १९१० मध्ये मांडली. अमेरिकेत डॅनियल वेबस्टर यांनी तेच वेगळ्या रूपात १८३२ मध्येच सुचवलं होतं.

प्रत्येक पक्षाची मतं १, ३, ५, ७, ९ अशा विषम संख्यांनी भागत जायचं. आलेले सगळे भागाकार एका उतरत्या यादीत मांडायचे आणि वरचे ११० उचलायचे. ज्या पक्षाचे जितके भागाकार त्यात आले, तितक्या त्याच्या जागा. (काही देशांत पहिला भाजक १.४ घेतात, म्हणजे अगदी बारक्या पक्षांना पहिली जागा जरा महाग पडते. या उदाहरणात त्याने काहीच बदलत नाही.)

विषम संख्याच का? मला या पद्धतीत सर्वात आवडणारी गोष्ट ती हीच. जवळच्या पूर्णांकात बदलताना आपण अर्ध्यावर रेघ मारतो. म्हणजे पहिली जागा अर्धा वाटा भरला की मिळते, दुसरी दीड भरला की, तिसरी अडीच भरला की. अर्धा, दीड, अडीच, साडेतीन. या सगळ्यांना दोनने गुणा: १, ३, ५, ७. विषम संख्यांचा तो भागाकार म्हणजे वेषांतर केलेलं ‘जवळच्या पूर्णांकात बदला’च आहे. फक्त जागेची किंमत आपोआप इतकी सरकते की बेरीज बरोबर ११० येते.

आता २०२२ चे आकडे घाला. राप्रपाची सातवी जागा १३ या भाजकाची: ५,८८,८४९ भागिले १३, म्हणजे ४५,२९६. आठव्या जागेसाठी १५ ने भागायचं: ३९,२५७. यादीतला शेवटचा, ११० वा भागाकार एमालेचा निघतो: २८,४५,६४१ भागिले ६७, म्हणजे ४२,४७२. त्याच्या लगेच खाली, बाहेर राहिलेला पहिला, राष्ट्रीय स्वतंत्र पार्टीचा: ११,३०,३४४ भागिले २७, म्हणजे ४१,८६५. त्यांना आणखी साधारण १६,४०० मतं मिळाली असती तर ती शेवटची जागा एमालेकडून त्यांच्याकडे गेली असती. वहीत करून बघा, मोबाइलवरचं गणकयंत्र पुरतं.

आणि आता मुद्द्याचं. बाकी पक्षांची मतं तशीच ठेवून राप्रपाची मतं वरखाली करा. आठवी जागा मिळवायला आठवा भागाकार ४२,४७२ च्या वर जायला हवा, म्हणजे सुमारे ६ लाख ३७ हजार मतं. सातवी गमवायला सातवा भागाकार ४१,८६५ च्या खाली यायला हवा, म्हणजे मतं सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या खाली. या दोन्हींच्या मध्ये कुठेही असा, जागा सातच! या पट्ट्याचं वरचं टोक खालच्यापेक्षा सतरा टक्क्यांनी मोठं आहे. राजाच्या पक्षाचे मतदार सतरा टक्क्यांनी वाढले तरी सभागृहात त्याचा पत्ता लागणार नाही, असं होऊ शकतं. वखारीतल्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं आहे हे.

(भाजक विषमऐवजी १, २, ३, ४ असे घेतले तर ती बेल्जियमच्या द’ओंत यांची पद्धत होते आणि मोठ्या पक्षांना थोडा जास्त फायदा मिळतो. हेच आकडे त्यात घातले तर जनमतची एक जागा काँग्रेसला जाते. राप्रपा तिथेही सातावरच. पुढे जाऊ, नाहीतर या भागाकारांतच लेख संपेल.)

पद्धतीपेक्षा जास्त घोळ घालते ती तीन टक्क्यांची अट. २०२२ मध्ये एकीकृत समाजवादी पक्षाला २,९८,३९१ मतं होती, २.८३ टक्के. साधारण १८,४०० मतं कमी पडली आणि समानुपातिक जागा शून्य. याच अटीमुळे राजावाल्यांचा इतिहास वेडावाकडा दिसतो. त्यांचे खासदार निवडणुकीगणिक मोजले तर ४, २४, १ आणि १४. वाचणाऱ्याला वाटेल राजनिष्ठा सहापट झाली, मग मेली, मग पुन्हा उठली. मतांची टक्केवारी बघा: २००८ मध्ये १.०३, २०१३ मध्ये ६.६६, २०१७ मध्ये २.०६, २०२२ मध्ये ५.५८. चढउतार इथेही आहेतच, पण २०१७ च्या त्या एक खासदारामागे २००८ च्या चौघांपेक्षा दुप्पट टक्के लोक उभे होते. पहिल्या दोन निवडणुका संविधान सभेच्या होत्या, समानुपातिक जागा ३३५ होत्या आणि अट नव्हती. २०१७ ची २.०६ टक्के मतं त्या नियमाने मोजली असती तर सातेक जागा आल्या असत्या.

राहिल्या २०२२ मधल्या प्रत्यक्ष निवडणुकीच्या सात. पक्षाध्यक्ष राजेंद्र लिंगदेन झापा-३ मधून निवडून आले. एमालेशी समझोता होता: त्यांनी लिंगदेन यांना मदत करायची, राप्रपाने झापा-५ मध्ये ओलींना. म्हणजे राजेशाहीवादी अध्यक्षाला प्रजासत्ताकवादी कम्युनिस्टांची मतं, आणि राजनिष्ठांची मतं कम्युनिस्ट नेत्याला. निवडणुकीनंतर तर लिंगदेन काही आठवडे प्रचंड यांच्या सरकारात उपपंतप्रधान होते; ज्या माओवाद्यांनी राजाविरुद्ध दहा वर्षं युद्ध केलं त्यांचेच हे प्रचंड. अशा मतांच्या गाठोड्यातून ‘राजा हवा’ हा धागा वेगळा काढून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार.

इथे एक गंमत सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी ती पाठवतंच. गोरखनाथांनी नेपाळचे पहिले राजे पृथ्वीनारायण शाह यांना शाप की आशीर्वाद दिला, दही पायाच्या दहा बोटांवर सांडलं, म्हणून राजघराणं दहा पिढ्या टिकणार. आणि २००१ च्या दरबार हत्याकांडाने ते खरं झालं. मोजून बघा. राजे मोजले तर त्या हत्याकांडात मारले गेलेले वीरेंद्र दहावे येतात खरे, पण त्यांच्यानंतर दीपेंद्र आणि ज्ञानेंद्र धरून बारा होतात. पिढ्या मोजल्या, तर गादीवर न बसलेले युवराज त्रैलोक्य मध्ये येतात आणि वीरेंद्रच अकराव्या पिढीतले ठरतात. दहा आणायचे तर कधी राजे मोजायचे, कधी पिढ्या, आणि जिथे सोयीचं तिथे थांबायचं. निवडणूक विश्लेषणात हेच केलं की त्याला ‘ट्रेंड’ म्हणतात.

समजा जागा सोडल्या, नुसती मतं घेतली. तरी पक्षाला पडलेलं मत हे एका प्रश्नाचं उत्तर नसतं. राप्रपाच्या झोळीत राजा आहे, हिंदू राष्ट्र आहे, प्रांतांची व्यवस्था मोडण्याची मागणी आहे. हिंदू राष्ट्र हवं पण राजा नको, असा मतदार तिथे शिक्का मारू शकतो. उलट राजा आवडणारा पण गावातला रस्ता काँग्रेसच्या माणसाने केला म्हणून काँग्रेसला मत देणारा कुठे मोजणार?

हा फरक किती मोठा असू शकतो? याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला पुरावा इटलीत आहे. २ जून १९४६ ला तिथल्या मतदारांनी एकाच दिवशी दोन मतं दिली: एक संविधान सभेसाठी पक्षाला, दुसरं थेट सार्वमतात, राजा की प्रजासत्ताक. तोच दिवस, तीच केंद्रं, तेच मतदार. सार्वमतात राजाच्या बाजूने ४५.७ टक्के, एक कोटी सात लाखांवर मतं पडली. आणि राजाचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय स्वातंत्र्य गटाला? २.८ टक्के. राजाकडे झुकलेले उदारमतवादी त्यात मिळवले तरी बेरीज दहाच्या आत राहते. मग बाकीचे राजनिष्ठ होते कुठे? त्यातले पुष्कळ ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षात. त्याला ३५.२ टक्के मतं पडली होती आणि या प्रश्नावर त्याने आपल्या मतदारांना मोकळं सोडलं होतं. नेपल्सकडे तर पाचातल्या जवळपास चार जणांनी राजाला मत दिलं. नुसते पक्ष मोजणाऱ्याने राजनिष्ठा काही पटींनी कमी मोजली असती.

चूक उलट दिशेनेही होते. बल्गेरियाचे सिमेओन १९४३ मध्ये सहाव्या वर्षी राजे झाले, १९४६ च्या सार्वमतानंतर देशोधडीला लागले. २००१ मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि दोनेक महिन्यांत ४२.७ टक्के मतं, २४० पैकी १२० जागा घेऊन ते पंतप्रधान झाले. राजेशाही मात्र परत आणली नाही, प्रजासत्ताकाच्या संविधानाचीच शपथ घेतली. लोक जुन्या पक्षांना विटले होते. पुढच्या निवडणुकीत मतं विसाच्या आसपास उतरली आणि २००९ मध्ये पक्ष संसदेबाहेर गेला.

मग नीट मोजायचं कसं? प्रश्न वेगळे करून. ब्राझीलने एप्रिल १९९३ मध्ये तसंच केलं: राजेशाही की प्रजासत्ताक हा एक प्रश्न, अध्यक्षीय पद्धत की संसदीय हा दुसरा. राजेशाहीला दहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि विषय मिटला. नेपाळमध्ये हा प्रश्न लोकांना थेट कधी विचारलाच गेला नाही. २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. राजावाल्यांच्या तक्रारीत तेवढा दम आहे, असं मला वाटतं. विचारताना ‘कसला राजा’ हेही विचारावं लागेल. १९९० च्या संविधानातला, नामधारी? की १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता हातात घेणारा? ‘हो’ म्हणणारे या दोन्हींवर एकमेकांशी भांडतील.

सार्वमताची वाट नेपाळच्या संविधानात आहे, कलम २७५ मध्ये. त्यासाठी संघीय संसदेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी आधी ठराव करावा लागतो. प्रतिनिधी सभेचे २७५ आणि राष्ट्रीय सभेचे ५९, मिळून ३३४. म्हणजे २२३ जणांचे हात वर व्हायला हवेत, तेही फक्त प्रश्न विचारण्यासाठी.