अस्थ्यंतर्गत द्रवदान : बालरुग्णांमधील सुरक्षितता

अस्थ्यंतर्गत द्रवदान म्हणजे शिरेऐवजी हाडाच्या पोकळीत सुई घालून सलाईन, रक्त किंवा औषधे देणे. तीव्र निर्जलीभवन, शॉक किंवा हृदयक्रिया बंद पडणे अशा अवस्थेत मुलांच्या बारीक शिरा मिटून जातात आणि शीर शोधण्यात मोलाची मिनिटे जातात. मज्जेतील रक्तवाहिन्यांना मात्र हाडाच्या कठीण भिंतींचा आधार असल्याने त्या मिटत नाहीत. तेथे सोडलेला द्रव काही सेकंदांतच मुख्य रक्ताभिसरणात पोहोचतो. १९४० च्या दशकात ही पद्धत बरीच वापरात होती. पुढे प्लॅस्टिकच्या शिरानळ्या आल्यावर ती मागे पडली. १९८४ मध्ये जेम्स ओर्लोव्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी तिचा नव्याने पुरस्कार केला. भारतात कॉलऱ्याच्या साथीत ती वापरली जाताना त्यांनी पाहिली होती.

मुलांमध्ये सुई बहुधा नडगीच्या हाडात, गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या थोडे खाली आणि आतल्या बाजूच्या सपाट भागावर टोचतात. हाडाची लांबी ज्या कूर्चापट्टीतून वाढते ती वृद्धिपट्टी याच भागाच्या वर असते, त्यामुळे ‘पाय आखूड राहील का?’ ही शंका पालकांइतकीच नवख्या डॉक्टरांच्याही मनात येते. ती रास्त असली तरी अनुभवाने तिला फारसा दुजोरा मिळालेला नाही. सुई दिलेल्या मुलांच्या दोन्ही नडग्यांची लांबी नंतर क्ष-किरणचित्रांवर मोजली असता लक्षणीय फरक आढळला नाही. डुकराच्या पिलांवरील प्रयोगांतही वाढ खुंटल्याचे दिसले नाही. तरीही सुईचे टोक वृद्धिपट्टीपासून दूर, किंचित पावलाकडे वळवण्याची शिकवण कायम आहे.

खरा धोका आहे तो द्रव हाडाबाहेर झिरपण्याचा. सुई पलीकडच्या भिंतीतून आरपार गेली, हलली, किंवा त्याच हाडाला आधीच एक छिद्र पडलेले असले, तर द्रव पोटरीच्या स्नायूंत साठतो. दाब वाढत गेला की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो (कंपार्टमेंट सिंड्रोम). वेळीच लक्षात न आल्यास पाय गमावण्याची वेळ येते. हे टाळायचे तर पोटरी वारंवार चाचपून पाहावी लागते. पाय पट्टीत पूर्ण गुंडाळून टाकणे म्हणूनच घातक ठरते. कॅल्शियम किंवा ॲड्रेनॅलिनसारखी औषधे झिरपली तर ऊतींचा नाशही होतो. नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांची मज्जापोकळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद असल्याने त्यांच्यात आरपार जाण्याची भीती सर्वाधिक.

जंतुसंसर्गाने हाड सुजणे त्यामानाने विरळ असून, जुन्या मोठ्या आढाव्यात ते प्रमाण सुमारे ०.६ टक्के होते. सुई जितकी जास्त वेळ राहील तितका हा धोका वाढतो. म्हणून शीर सापडताच, आणि कमाल २४ तासांत, ती काढतात. मोडलेल्या हाडात, जंतुसंसर्ग झालेल्या त्वचेतून किंवा नुकतेच टोचलेल्या हाडात ती पुन्हा घालत नाहीत. अस्थिभंगुरतेच्या जन्मजात विकारातही टाळतात.

शुद्धीवर असलेल्या मुलाला टोचण्यापेक्षा दाबाने द्रव सोडताना जास्त दुखते. अशा वेळी आधी त्याच सुईतून थोडे लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) सावकाश देतात.