डिटेलिंगमध्ये काच बिघडली? गाडी आणण्याआधी एवढं वाचा

दसऱ्याला डिटेलिंग करून, म्हणजे गाडी आतबाहेर घासूनपुसून, रंगाला पॉलिश मारून, चकाचक करून घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे. आणि बोनेटवरचा झेंडू सुकायच्या आत आमच्या गाडीच्या काचांच्या दुकानात ठरलेली तक्रार येते: "रंग आरशासारखा झालाय हो, पण काचेचं काय केलंय बघा." सावलीत काहीच दिसत नाही. रात्री एक्स्प्रेसवेवर समोरच्या गाडीचा दिवा काचेवर पडला, की गोल गोल रेषांचं जाळं डोळ्यांसमोर उभं राहतं.

ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, "पॉलिश करून जाईल ना?" काही वेळा जातं, काही वेळा जात नाही. काही वेळा तर जाण्यासारखं असूनही आम्ही काच घासायला नाही म्हणतो. त्याची कारणं इथे लिहिली आहेत, म्हणजे काउंटरवर वाद नको.

आधी डाग ओळखा

काच धुवून कोरडी करा आणि नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा आहे, खोल गेलेला. नख घसरून गेलं पण तिरप्या उन्हात रेषा दिसतात, तर ते बफिंगचे, म्हणजे मशीनच्या फिरत्या पॅडने घासण्याचे, वरवरचे ओरखडे. रंगासाठीचं रबिंग कंपाउंड लोकरीच्या पॅडवर घेऊन तेच काचेवर फिरवलं, की असं होतं. पॅडमध्ये मातीचा कण अडकला असेल तर विचारूच नका, कारण वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो.

रेषा नाहीत, पांढुरके ठिपके आहेत? टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुवून गाडी उन्हात वाळू दिली, की क्षार बसतात. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून दहा मिनिटं डागावर ठेवा, रंगाला लागू देऊ नका, मग भरपूर पाण्याने पुसा. डाग फिका झाला तर क्षारच आहेत, साफ होतील. जराही हलला नाही आणि काच ओली केल्यावर गायब होऊन वाळल्यावर परत आला, तर काच खाल्ली गेली आहे.

इथे एक गैरसमज आहे. लोक सरसकट म्हणतात, "ॲसिड मारलं." फरशी धुण्याचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, काचेला काही करत नाही, ते प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीतच ठेवतात. (क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची मात्र ते वाट लावतं.) काच खातं ते फ्लोराइड असलेलं ॲसिड. चाकांच्या आणि पाण्याच्या डागांच्या काही क्लीनरमध्ये ते असतं. ते काचेवर जास्त वेळ राहिलं की पृष्ठभागच खरखरीत होतो. तो डाग धुऊन जाणार नाही, कारण तिथे वर काही बसलेलंच नाही. जी काच होती ती थोडी गेली आहे.

वायपर थरथरत, टकटक करत चालतो आणि पावसात तेलकट इंद्रधनुष्य दिसतं, ही सगळ्यात सोपी केस. रंगावरचं सिरॅमिक कोटिंग किंवा डॅशबोर्डचं सिलिकॉन काचेवर उडून वाळलेलं असतं. ताजं असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि क्ले बारने (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ चिकणमातीसारखी वडी) निघतं. घट्ट बसलेलं कोटिंग बारीक पॉलिशने काढावं लागतं.

आम्ही काय करतो, काय करत नाही

वरवरच्या ओरखड्यांसाठी सेरियम ऑक्साइड वापरतो. बारीक पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडवर, कमी वेगात. काच सतत ओली ठेवावी लागते. एका जागी कोरडं घासलं की काच तापते आणि तडकू शकते. काम कंटाळवाणं असतं, कधी अर्धा दिवस जातो. ओरखडा दोन इंचांचा असला तरी आजूबाजूचा मोठा भाग घासतो, नाहीतर तेवढ्याच जागी खळगा पडतो आणि त्यातून बघताना भिंगातून बघितल्यासारखं होतं. काम झालं की ग्राहकाला स्टिअरिंगवर बसवून समोरच्या इमारतीच्या गॅलरीचे गज बघायला सांगतो. डोकं इकडेतिकडे हलवल्यावर गज वाकडे दिसले, तर आमचं काम फसलं.

म्हणूनच नख अडकणारा चरा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर आम्ही घासत नाही. तो जाईपर्यंत घासलं तर खळगा नक्की, आणि घाटात रात्री त्या खळग्यातून वळण बघायचं आहे तुम्हाला. काच बदला. दुसऱ्या कोणी "करून देतो" म्हटलं तर त्याची मर्जी, पण गजांची परीक्षा न घेता पैसे देऊ नका.

बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या, असतात. त्यांची ताकद पृष्ठभागाच्या दाबाखाली असलेल्या थरात असते, म्हणून तिथेही हात हलकाच. कडेला ब्लेडचा टवका गेला असेल तर पॉलिशच्या भानगडीत पडत नाही. अशी काच पुढे कधीतरी एकदम बारीक तुकडे होऊन खाली येऊ शकते.

मागच्या काचेच्या तांबूस रेषा

परवाची गोष्ट. एक पांढरी हॅचबॅक आली. काचेवरची जुनी काळी फिल्म काढताना डिंक निघेना म्हणून डिटेलिंगवाल्याकडच्या पोराने आतून कटरचं पातं चालवलं होतं. काच लखलखीत, पण डिफॉगरच्या (काच तापवून वाफ घालवणाऱ्या) रेषांवर आडवे-तिडवे काप. मालकांना पत्ताच नव्हता. डिफॉगर पुण्यात लागतो कशाला? पावसाळ्यात महाबळेश्वरला जाताना मागचं दिसेना, तेव्हा कळलं.

त्या रेषा म्हणजे काचेवर छापून भाजलेला चांदीयुक्त लेप आहे, वायर नव्हे. खरवडला की गेला. तपासायला आतून काचेवर वाफ सोडा आणि डिफॉगर लावा: सगळीकडची वाफ विरते आणि तुटलेल्या रेषेभोवतीचा पट्टा तसाच राहतो. नेमका तुकडा शोधायला आम्ही मल्टिमीटरची सुई रेषेवरून सरकवत नेतो, आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे काप. दोन्ही बाजूंना टेप लावून मधे चांदीचा वाहक रंग भरतो. त्या गाडीत अशा सात जागा भरल्या. लहान कापांना हे टिकतं. वीतभर रेषाच सोलली गेली असेल तर काच बदलणंच स्वस्त.

फिल्म परत लावणार असाल तर नियम लक्षात ठेवा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

भांडण आणि विमा

नुकसान दिसल्यावर पहिलं काम फोटो. तिरप्या उन्हात एक, रात्री दिव्यासमोर एक. बिलाच्या फोटोसह व्हॉट्सॲपवर लेखी तक्रार पाठवा. "आणा परत, आम्हीच बफ मारून देतो" याला हो म्हणू नका. ज्या हाताने बिघडवलं त्याच हाताला दुसरी संधी देण्याइतकी काच जाड नसते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

काच बदलायची झाली तर विम्यात काचेच्या भागांना घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ शकतो, तेव्हा आधी हिशेब करा. आणि डिटेलिंगवाल्याने खरवडलेल्या काचेवर "दगड लागला" असं आम्ही लिहून देत नाही. दरवेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून इथेच सांगून टाकलं.

नवीन काचेच्या कोपऱ्यात आयएसआय खूण बघून घ्या. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नजर पुन्हा नीट जुळवणं, करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. काच चिकटवल्यावर आम्ही सांगू तितका वेळ गाडी हलवायची नाही, त्या दिवशी एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दारं आपटायची नाहीत.

डिटेलिंग अजून व्हायचं असेल आणि समोरच्या काचेला खडा लागलेला असेल, तर आधी ती जागा रेझिनने भरून घ्या. पॉलिश किंवा मेण त्या चिरेत शिरलं की रेझिन नीट धरत नाही.

वर सांगितलेली तपासणी सोडली तर येताना गाडी धुवून आणू नका, घरी काही लावून बघू नका, वायपर कोरडा चालवू नका. डिटेलिंगचं बिल आणि वापरलेल्या क्लीनरचं नाव मिळालं तर घेऊन या. शक्यतो सकाळी या. दुकान पूर्वेकडे तोंड करून आहे, दहापर्यंत तिरपं ऊन असतं आणि दोघांनाही एकच ओरखडा दिसतो.