'सिंथेटिक' म्हणजे नकलीच का? खडा घेण्याआधी वाचा

प्रमाणपत्रावर 'सिंथेटिक' दिसले की बहुतेक गिऱ्हाइके विचारतात, "म्हणजे खोटाच ना?" शंका रास्त आहे. साडीच्या दुकानात सिंथेटिक म्हणजे पॉलिएस्टर, इंजिन ऑइलच्या डब्यावर मात्र तोच शब्द भारी माल म्हणून मिरवतो. खड्यांच्या धंद्यात त्याचा अर्थ काटेकोर आहे: रसायन आणि स्फटिकरचना खाणीतल्या खड्याचीच, फक्त घडला माणसाच्या हातून.

माणिक घ्या. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि लाल रंगापुरते क्रोमियम, एवढेच त्यात असते. ओग्युस्त वेर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये या पदार्थांची भुकटी ज्वाळेतून खाली सोडून, वितळलेले थेंब एकावर एक साठवत माणिक घडवण्याची रीत जाहीर केली. स्वस्तातली सिंथेटिक माणके आजही याच रीतीने होतात. कठीणपणा नैसर्गिक माणकाएवढाच, मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर 9. फरक भिंगाखाली कळतो. नैसर्गिक खड्यात वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात वळलेल्या असतात. या रीतीच्या सिंथेटिक खड्यात त्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र दिसतात. दुकानात मागा, भिंग हातात देऊ.

'इमिटेशन' ही वेगळी जात. दिसायला तसा, पदार्थ दुसराच. लाल काच माणिक म्हणून बसवली तर ते इमिटेशन. अमेरिकन डायमंडही त्यातलाच. त्याचे खरे नाव क्युबिक झिर्कोनिया. बाजारात त्याला सर्रास 'जरकन' म्हणतात, पण झिर्कॉन हे निराळे, खाणीत मिळणारे रत्न आहे. अमेरिकन डायमंड हिऱ्याच्या दीडपटीहून जड असतो, म्हणून कॅरेटच्या हिशेबाने त्याची हिऱ्याशी तुलना करू नका. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा त्याहून फसवा: नुसती उष्णता मोजणारे यंत्र त्याला हिराच ठरवते. तिरके धरून भिंगातून पाहिले की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, हिरा मात्र इमिटेशन नाही. तो कार्बनच, तितकाच कठीण. जीआयए या अमेरिकी संस्थेने 2019 मध्ये अशा हिऱ्यांच्या अहवालांवरून 'सिंथेटिक' शब्द काढून 'लॅबोरेटरी ग्रोन' लिहायला सुरुवात केली. जुने प्रमाणपत्र आणाल तर त्यावर आधीचा शब्द असू शकतो, माल एकच.

नथीतल्या किंवा तन्मणीतल्या 'कल्चर' मोत्यालाही लोक उगाच नाके मुरडतात. तो शिंपल्यातच वाढतो. माणूस फक्त सुरुवात करून देतो.

आता नीट सांभाळायची गोष्ट. काचभरणी केलेले माणिक. दगड खाणीतला, त्यामुळे विकणारा बेधडक 'नॅचरल' म्हणतो. पण त्याच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते. अंगठी लहानमोठी करताना सांधा जोडायला डाग लावतात ती ज्योत लागली की काच बिघडते, लिंबाच्या रसानेही ती खराब होते. आमचे मत विचाराल तर अशा 'नॅचरल'पेक्षा उघड सांगून विकलेले सिंथेटिक माणिक केव्हाही बरे. ग्रहासाठी खडा हवा असेल आणि त्याला सिंथेटिक चालतो का, हे मात्र तुमच्या गुरुजींना विचारा. तिथे आमचे भिंग उपयोगाचे नाही.

खडा कुठूनही घ्या, बिलावर नुसते 'माणिक' किंवा 'डायमंड' लिहून घेऊ नका. नैसर्गिक, लॅबग्रोन की इमिटेशन, प्रक्रिया कोणती, वजन किती, आणि परत दिला तर काय धरणार, हे शब्दांत लिहून मागा. लॅबग्रोन घेताना शेवटचा मुद्दा सोडूच नका. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत बरेच उतरले आहेत, आणि सोन्यासारखी मोड त्याला मिळेल असे धरून चालू नका.