चार भिंतींतली आग आणि उघड्यावरचा जाळ: मुंबईच्या नियमांची पार्श्वभूमी

1 एप्रिल 2025 पासून मुंबईत उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला हजार रुपये दंड लागू झाला. त्याआधी तो शंभर रुपये होता. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना व हॉटेलांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. दोन्ही निर्णय धुराबद्दलचे होते. इमारतीला आग लागू नये म्हणून असलेले नियम मात्र तिसऱ्याच कायद्यात, तिसऱ्याच खात्याकडे. आग एकच, पण तिचा कचरा झाला की घनकचरा विभाग, धूर झाला की पर्यावरण विभाग आणि भडका उडाला की अग्निशमन दल.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. शहरांच्या स्थानिक संस्थांनी करायची अठरा कामं तिच्यात आहेत. सहावं सार्वजनिक आरोग्य आणि घनकचऱ्याचं, सातवं अग्निशमनाचं, आठवं पर्यावरण रक्षणाचं. एकाखाली एक लिहिलेली ही तीन कामं प्रत्यक्षात इतकी फटकून का वागतात, याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडतं.

आगीचे नियम आधी आले ते मालमत्ता वाचवण्यासाठी. 17 फेब्रुवारी 1803 रोजी फोर्टातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहराच्या, बाजारात आग लागली आणि वाऱ्यानं पसरत गेली. लाकडी, एकमेकांना खेटलेल्या घरांची ती वस्ती होती. शहराचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. त्यानंतर तटबंदीच्या आत पुन्हा तशीच दाटी होऊ नये, यासाठी वस्ती मैदानापलीकडे सरकवण्याला जोर आला. ते मैदान मुळात तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं राखलेलं. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं त्याचेच उरलेले तुकडे आहेत.

आग विझवण्याचं काम बराच काळ पोलिसांकडे होतं. 1 एप्रिल 1887 पासून ते महापालिकेकडे आलं आणि पुढच्याच वर्षी महापालिकेचा कायदा झाला. 1888 चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. जीव, आरोग्य किंवा मालमत्ता यांना धोका असलेले धंदे आणि साठे परवान्याशिवाय चालवता येणार नाहीत, हे त्याच्या कलम 394 मध्ये आहे. कापूस, तेल, लाकूड यांची गोदामं असलेल्या शहरात ते हवंच होतं.

कापूस किती घातकी असतो हे 14 एप्रिल 1944 ला दिसलं. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसते, वरून पाणी मारलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही. बंबाचे जवान पाणी मारत राहिले आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, मग दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्यासाठी. धुमसणारी गाठ लक्षात ठेवावी, कारण बहात्तर वर्षांनी देवनारच्या कचऱ्याच्या ढिगांत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर उंच इमारती आल्या आणि आगीचे नियम इमारतीच्या आराखड्यात शिरले. जिन्याची रुंदी, पाण्याची टाकी, बंब फिरवायला मोकळी जागा, अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र. पण इमारत उभी राहून लोक राहायला आले की पुढं कोण बघणार? ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ या कायद्यानं ती जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली. तो डिसेंबर 2008 पासून लागू झाला. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते ‘फॉर्म बी’ म्हणून माहीत आहे. पंप सुरू करून, होजला पाणी लावून बघितल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही आणि अनेक इमारतींत तो कागद फाईलला लागतो तेवढाच. हा सगळा कायदा इमारतीचा आहे. मोकळ्या प्लॉटवर, नाल्याच्या कडेला किंवा पुलाखाली पेटलेल्या जाळाबद्दल त्यात फारसं काही सापडत नाही.

उघड्यावरच्या जाळाचे नियम वेगळ्या दारातून आले. 1896 च्या प्लेगनंतर शहरातली घाण दूर नेऊन टाकायची निकड सगळ्यांनाच पटली. कुर्ल्याहून चेंबूरकडे कचरा नेणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टाकली गेली. आजच्या हार्बर लाइनचा तो भाग आधी कचऱ्यासाठी वापरात होता, प्रवासी 1924 पासून. 1927 मध्ये देवनारची क्षेपणभूमी, म्हणजे कचरा टाकायचं मैदान, सुरू झाली. कचरा नजरेआड गेला की काम झालं, ही समजूत तेव्हाची. जाळणं हाही नजरेआड करण्याचाच मार्ग होता. ढीग लहान होतो, वास कमी होतो, गाडीची एक फेरी वाचते.

1981 च्या वायू प्रदूषण कायद्यानं पहिल्यांदा सरकारला जाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला. कलम 19 च्या पाचव्या पोटकलमात तो आहे, पण एका अटीसह: जो पदार्थ इंधन नाही, त्याचंच ज्वलन थांबवता येतं. त्या वेळी ही अट वाजवी होती. चूल आणि भट्टी बंद करण्याचा कोणाचाच विचार नव्हता. इंधन कशाला म्हणायचं हा वाद मात्र तिथंच पेरला गेला.

पुढचं पाऊल एका नागरिकामुळं पडलं. अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि तिच्यातून 2000 चे घनकचरा नियम आले. कचरा आणि सुका पालापाचोळा जाळायचा नाही, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. नियम नेमका होता, तरी जाळ थांबला नाही. त्याची कारणं रस्त्यावर उभं राहिलं की कळतात. पानगळीत झाडलेला पाला हलका पण जागा खाणारा असतो. तो पोत्यात भरून गाडीपर्यंत न्यायचा तर झाडणाऱ्याला पोती हवीत आणि गाडीत जागा हवी. दोन्ही मिळत नसेल, तर काडी ओढली जाते. भंगारात आलेली केबल सोलत बसण्यापेक्षा जाळली की प्लास्टिक वितळून तांबं मोकळं होतं आणि तांब्याला भाव असतो. रात्रपाळीच्या वॉचमनला डिसेंबरात थंडी वाजते आणि हाताशी पुठ्ठे, प्लायवूडचे तुकडे असतात. या तिघांना शंभर रुपयांची पावती फाडून काय साधणार होतं? पोती, तांबं सोलायची जागा आणि शेगडी यांची सोय नियमात कुठंच नव्हती.

मग 27 जानेवारी 2016 ची देवनारची आग. क्षेपणभूमी सुमारे 132 हेक्टरची, ढिगांची उंची अनेक मजली. कचरा कुजताना मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो. वरचा थर विझवला तरी खाली तो पेटत राहतो. पाणी वरून वाहून जातं, गाभा तसाच. शेवटी पोकलेन लावून ढीग उकरायचा, एकेक थर विझवायचा आणि वर माती टाकायची, हाच उपाय उरतो. धूर चार-पाच दिवस शहरावर राहिला. नासाच्या उपग्रह छायाचित्रांत तो दिसला. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर भागातल्या सत्तरहून जास्त पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये ढीग पुन्हा पेटला. बैंगनवाडी आणि शिवाजीनगरच्या लोकांसाठी हे नवीन नव्हतं. वर्षानुवर्षं तोच धूर छातीत घेत ते तक्रारी करत होते. धूर बाकीच्या शहरात पसरला तेव्हा त्याची बातमी झाली, हे मला आजही बोचतं.

देवनारनंतर निर्णयांना वेग आला. 29 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं, कचऱ्याची नियमानुसार विल्हेवाट लावेपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका, असा आदेश दिला. काही अपवाद होते, पण बांधकाम व्यवसायाला एवढा धक्का क्वचितच बसला असेल. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2018 मध्ये तो सशर्त सैल केला. दरम्यान 8 एप्रिल 2016 ला नवे घनकचरा नियम आले आणि 22 डिसेंबर 2016 ला राष्ट्रीय हरित लवादानं, अल्मित्रा पटेल यांच्याच प्रकरणात, उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळाला पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजार. लवादाचे पाच हजार एकीकडे आणि मुंबईच्या उपविधींतले शंभर दुसरीकडे, अशी आठ वर्षं गेली. आताचे हजारही लवादाच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढेच आहेत.

गच्ची बंद म्हणायची की उघडी? 2017 मध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटांचं धोरण आलं, तेव्हा हा प्रश्न नीट विचारला जायला हवा होता. नगरसेवकांत त्यावरून मतभेद होते, आक्षेप रहिवाशांच्या त्रासाचे आणि सुरक्षेचेही होते. प्रशासनानं नोव्हेंबरच्या सुरुवातीला धोरण मंजूर केलं. 29 डिसेंबर सुरू होताच, मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन शेजारी रेस्टॉरंटांत आग पसरली आणि 14 जणांचा जीव गेला. अग्निशमन दलाच्या अहवालानं हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांकडे बोट दाखवलं. वर बांबू आणि ताडपत्रीचं छप्पर होतं. मोकळ्या हवेतला निखारा आणि त्यावर बेकायदा उभारलेलं झाकण. इमारतीच्या नियमांना ही जागा ‘गच्ची’ होती आणि धुराच्या नियमांना ‘हॉटेल’. सुटकेचा रस्ता न मिळालेली माणसं स्वच्छतागृहाकडे पळाली, तिथंच गुदमरली. त्यानंतर राज्यानं 2018 मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली आणि अग्निशमन केंद्रांत तपासणीसाठी खास कक्ष उभे राहिले.

पुढचा टप्पा महापालिकेच्या सभागृहाविनाच, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांविनाच, पार पडला. 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि पालिकेनं 27 कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या. बांधकामाभोवती पत्रे, पाण्याची फवारणी, राडारोड्याच्या गाड्या झाकणं, आणि संपूर्ण हद्दीत उघड्यावर काहीही जाळायला मनाई. सूचना योग्यच होत्या. पण पोती कोण देणार, क्षेपणभूमीवर रात्री पहारा कोणाचा, झोपडपट्टीत कचरागाडी दिवसातून किती वेळा जाणार, हे वॉर्डावॉर्डातून विचारणारा नगरसेवक तेव्हा नव्हता. 2025 ची दंडवाढही याच काळातली. मुंबईत आगीवर आणि धुरावर एकत्र चर्चा व्हायची खरी जागा सभागृह होती आणि ऐन गरजेच्या वेळी ते रिकामं राहिलं.

बेकऱ्यांच्या भट्टीत हे सगळे धागे एकत्र येतात. पाव गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आला, गोवेकर पोदेर (पाव भाजणारे) आणि पुढं इराणी, मुस्लिम बेकरीवाल्यांनी तो मुंबईच्या वडापावापर्यंत पोचवला. विटांची घुमटी, रात्रीतून तापवलेली, पहाटे लांब दांड्याच्या फळीनं पावाच्या लाद्या बाहेर ओढायच्या. कायद्यानं तिच्यातलं लाकूड ‘इंधन’ आहे, म्हणून ते 1981 च्या त्या पोटकलमातून सुटतं. पण परवडतं म्हणून येणारं लाकूड बऱ्याचदा पाडलेल्या इमारतींचं असतं: रंग लावलेल्या चौकटी, पॉलिश केलेली कपाटं, सनमायका चिकटवलेलं प्लायवूड. तेच लाकूड रस्त्याकडेला पेटवलं तर तो कचरा जाळण्याचा गुन्हा ठरतो.

भट्टी गॅसवर गेली की धुराचा प्रश्न बराच सुटेल. त्याच दिवशी दुसरा सुरू होईल. जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, वर माणसं राहत असताना, गॅसची नळी कुठून आणायची, पाइपलाइन नसेल तिथं सिलिंडर किती आणि कुठं ठेवायचे, हवा खेळती आहे का. ही तपासणी अग्निशमन दलाची. इंधन बदलाची नोटीस मात्र दुसऱ्या खात्याची. बेकरीवाल्याला 2025 मध्ये एकीकडे सहा महिन्यांची मुदत आणि दुसरीकडे ना हरकत प्रमाणपत्राची रांग, अशा दोन खिडक्यांत उभं राहावं लागलं. वॉर्ड ऑफिसात घनकचरा, आरोग्य, पर्यावरण आणि अग्निशमन यांचा एकच अर्ज आणि एकत्र पाहणी, एवढं करायला नवा कायदाही लागत नाही. चारही खाती एकाच आयुक्तांच्या हाताखाली आहेत.