१ ऑगस्ट

१ ऑगस्ट हा ग्रेगरी दिनदर्शिकेतला २१३ वा दिवस. लीप वर्षात २१४ वा. महाराष्ट्रात ही तारीख लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, अण्णा भाऊ साठे यांची जयंती आणि महसुली वर्षाचा पहिला दिवस म्हणून ओळखली जाते. टिळक आणि अण्णा भाऊ यांच्या बाबतीत तर वर्षही एकच आहे, १९२०. टिळकांनी मुंबईत डोळे मिटले त्याच तारखेला सातारा जिल्ह्यातल्या (आता सांगली) वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्मले.

टिळक जुलै १९२० मध्ये मुंबईत आजारी पडले. मुक्काम नेहमीच्या ठिकाणी, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात होता. ३१ जुलैची मध्यरात्र उलटून पाऊण तास होत आला असताना त्यांचे प्राण गेले. म्हणून पुण्यतिथी १ ऑगस्टची. वय ६४ वर्षे. त्या रविवारी भर पावसात सरदारगृहाखाली माणसांचा समुद्र लोटला. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते आणि शौकत अलीही होते. नेहमीच्या स्मशानात न नेता खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीवर दहन झाले आणि देह पद्मासनात बसवून अग्नी दिला गेला. टिळकांचा पुतळा आज त्याच वाळूच्या कडेला उभा आहे.

असहकाराची चळवळ सुरू करण्याचा दिवस म्हणून १ ऑगस्ट १९२० ही तारीख आधीच ठरलेली होती. गांधीजींनी याच तारखेच्या पत्राने कैसर-ए-हिंद पदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धसेवेची पदके व्हाइसरॉयकडे परत पाठवली. एक नेतृत्व संपले आणि दुसरे उभे राहिले, त्यात काही तासांचेच अंतर पडले. पुढच्या वर्षी टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९२१ रोजी, गांधीजींनी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची होळी पेटवली. स्वराज्यासाठी एक कोटी रुपयांचा निधी उभा करण्याचे ठरले, त्यालाही टिळकांचेच नाव दिले गेले.

परळ हे ठिकाण या नोंदीत महत्त्वाचे आहे. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या. वर्षामागे एक दिवस, असा तो हिशेब. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांनी एका राजकीय शिक्षेच्या निषेधार्थ रोजावर पाणी सोडले, याची बरोबरी करणारा प्रसंग मुंबईच्या त्याआधीच्या इतिहासात नाही. त्यानंतर दोन-अडीच दशकांनी वाटेगावहून बापाबरोबर चालत निघालेला एक मुलगा याच गिरण्यांच्या गावात येऊन पोचला.

शाळेत तो जेमतेम दीड दिवस बसला होता. मुंबईत त्याने मिळेल ते काम केले, गिरणीत राबला, पाट्या वाचत वाचत अक्षरे गिरवली. माटुंग्याच्या लेबर कँपात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली आणि तुकारामचा अण्णा भाऊ झाला. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गण-गवळणीचा तमाशा त्यांनी लोकनाट्य म्हणून कामगारांच्या मैदानात आणला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली. तिच्यात गावी राहिलेल्या बायकोचा विरह आहे आणि महाराष्ट्रापासून तोडल्या जाणाऱ्या मुलखाचाही, आणि हे दोन विरह ती एका सुरात गाते. दुसरी कुठलीही प्रचारगीते तिच्याजवळ ठेवून पाहावीत, फरक लगेच कळतो. १९५९ मध्ये आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी बरेचसे लेखन केले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांचे निधन झाले.

दरवर्षी १ ऑगस्टला जिल्हा परिषदेच्या शाळांत एकाच टेबलावर दोन तसबिरी ठेवतात. एक पुणेरी पगडीतली, दुसरी उघड्या डोक्याची. दोघांना झेंडूचे सारखेच हार, मध्ये एकच उदबत्तीचे घर. फळ्यावर रंगीत खडूने वर ‘पुण्यतिथी’ आणि खाली ‘जयंती’ लिहिलेले असते. ओल्या दप्तरांचा वास वर्गात भरलेला असतो. मग पाठ केलेली भाषणे: आधी शेंगांची टरफले, मग दीड दिवसाची शाळा, आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला, असे वाक्य कुणाच्या तरी भाषणात हमखास येते. पोरांच्या तोंडी ते गोड वाटते, पण मोठ्यांनी त्यावर थांबू नये. टिळकांनी राजकीय स्वातंत्र्याला समाजसुधारणेच्या पुढे ठेवले. मांगवाड्यातल्या पोराला दीड दिवसात शाळा का सोडावी लागते, हा प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या ऐरणीवर आला नाही. अण्णा भाऊंच्या साऱ्या लेखनाच्या मुळाशी तोच आहे. दोघांचे हार सारखे असले तरी दोघांची भाषणे वेगळीच हवीत.

शाळेबाहेरची जयंती निराळी असते. वाटेगावला आणि चिरागनगरला पहाटेपासून गर्दी लोटते, गावोगाव पिवळे झेंडे लागतात, हलगी कडाडते. २००२ मध्ये याच दिवशी टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक मताने निकाल दिला की, राज्यांना अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येईल. खटला पंजाबातला होता आणि पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. या निकालाने न्यायालयाचाच २००४ चा निर्णय रद्द झाला. अ, ब, क, ड अशी वर्गवारी करा, ही अण्णा भाऊंच्या मातंग समाजाची महाराष्ट्रातली जुनी मागणी. अनुसूचित जातींमधूनच तिला विरोधही आहे आणि वाद चालू आहे. तरी निकाल नेमका जयंतीच्या दिवशी लागला, हे मातंग वस्त्यांत कुणाला वेगळे सांगावे लागले नाही.

महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. म्हणून हा दिवस महसूल दिन. तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जुन्या वर्षाचे हिशेब मिटवून नवे गाव नमुने, म्हणजे जमीन-महसुलाच्या नोंदवह्या, याच दिवसापासून चालू होतात. अलीकडे खरिपाची ई-पीक पाहणीही साधारण याच तारखेपासून सुरू होते. गुडघाभर सोयाबीनमध्ये उभा राहून, सदऱ्याच्या टोकाने मोबाइलवरचे थेंब पुसत, गटाच्या हद्दीत फोटो काढणारा शेतकरी हे या दिवसाचे नवे चित्र आहे. पीक सातबारावर चढले नाही तर पुढे नुकसानभरपाई अडते, म्हणून ही धडपड.

महिन्याच्या नावाचा धागाही याच तारखेला जुळतो. इ.स.पू. ३० मध्ये १ ऑगस्टला ऑक्टेव्हियन अलेक्झांड्रियात शिरला. पुढे तो ऑगस्टस झाला आणि सेक्स्टिलिस महिन्याला त्याचे नाव मिळाले. १७७४ मध्ये याच दिवशी जोसेफ प्रीस्टलीने भिंगातून ऊन एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापवले. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळाली. तो ऑक्सिजन होता.

१८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली तीही १ ऑगस्टला. मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता, आणि सुटलेल्यांनाही ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ मजुरीच्या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्याच मळ्यांवर राबवले गेले. मॉरिशसमध्ये हा कायदा सहा महिन्यांनी, १८३५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. तिथल्या ऊसमळ्यांवर गुलामांच्या जागी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात आणि घरोघरी गणपती बसवतात.

१ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी पाच वाजता वॉर्सामध्ये नाझींविरुद्ध उठाव झाला. तो ६३ दिवस टिकला. त्या वेळी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बायका आणि मुलेच अधिक, कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहत होते. वॉर्सात अजूनही दरवर्षी त्या दिवशी पाचला भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसे जागच्या जागी उभी राहतात.

काँग्रेस नेते पुरुषोत्तमदास टंडन (१८८२), कमला नेहरू (१८९९) आणि वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल (१९२४) हे याच दिवशी जन्मले. लेखक नीरद चौधरी (१९९९) आणि कम्युनिस्ट नेते हरकिशनसिंग सुरजित (२००८) यांचे निधन याच दिवशी झाले. आणखी एक नाव राहिले: अमरावतीला १९१३ मध्ये जन्मलेले भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा. वडील गिरणी कामगार. १९५१ च्या ‘अलबेला’त खांदे किंचित हलवत, जागच्या जागी पाय टाकत ते नाचले. टिळकांनी चौकात आणलेल्या गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाच येत नाही तोसुद्धा आज तसाच नाचतो.