विहिरीचं पाणी माशांच्या तळ्यात सोडण्याआधी

गोराई-मनोरीला, गिरगावातल्या जुन्या वाड्यांमध्येही परसात अजून विहिरी आहेत. एका बाजूने विहिरीचं पाणी तळ्यात यावं आणि दुसरीकडून बागेला जावं, अशी वाहत्या पाण्याची तळी आम्ही बांधून देतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन इथे आड येत नाही (विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली नसेल तर!), आणि माशांनी सोडलेला अमोनियाही पाण्याबरोबर निघून जातो. तरी एक विनंती: पंपाचा पाइप थेट तळ्यात सोडू नका.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात प्राणवायू फार कमी असू शकतो. माशांना लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम तरी हवाच. उलट कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असू शकतात. नायट्रोजन फार झाला तर माशांच्या रक्तात बुडबुडे धरतात. म्हणून आम्ही पाणी आधी भोकं पाडलेल्या ट्रेवर आणि तिथून दगडांच्या पायऱ्यांवर पाडतो. धार फुटून थेंबथेंब झाली की नको ते वायू उडतात, प्राणवायू मिसळतो.

काम ठरवण्याआधी काचेची बाटली पाण्याने अर्धी भरा, हलवा आणि रात्रभर उघडी ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर पाण्यात लोह आहे. हा गाळ कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे आधी निवळण टाकी आणि वाळूचा थर घालावाच लागेल. ताज्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर मासे आणूच नका, आधी आम्हाला बोलवा.

खारेपणा मे महिन्यात तपासा. पावसाळ्यात गोड लागणारी किनाऱ्याजवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, आणि उपसा वाढवाल तसं समुद्राचं पाणी आत ओढलं जातं. गोल्डफिश, कोई हे गोड्या पाण्यातले मासे. म्हणून आम्ही धार बारीकच ठेवतो. मिनिटाला १ लिटर म्हणजे दिवसाला १४४० लिटर. हजार लिटरच्या तळ्यात मोजके मासे असतील तर तेवढं पुरतं.

बाहेर पडणारं पाणी केळी-नारळीला द्या, परत विहिरीत नको. तोंडाला बारीक जाळी हवीच. डासांच्या अळ्यांसाठी सोडलेले गप्पी मासे नाल्यात जाता कामा नयेत.

वीज गेली की धार थांबते. बॅटरीवर चालणारा एअर पंप तळ्यासोबतच घ्या.